‘सर्व बिले पाठवली’: एका सोसायटीच्या मेल-प्रोग्रामचं प्रकरण

ठाणे जिल्ह्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचं हे प्रकरण. संस्था ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत. प्रोग्राम मात्र माझाच होता, त्यामुळे चुकाही बहुतेक माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

पाच विंग, ४१२ सदनिका. देखभाल शुल्काचं बिल तिमाहीला निघतं. २०१९ पर्यंत ऑफिसातल्या मॅडम बिलं छापायच्या आणि वॉचमन ती लेटरबॉक्समध्ये टाकायचे. कागद आणि शाईचा खर्च बघून कमिटीने ठरवलं की बिल ईमेलने जाईल. हिशेबाचा प्रोग्राम मीच व्हीबी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेला होता आणि खाली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस होता. त्यात एक बटण वाढवायचं होतं: पीडीएफ तयार कर, मालकाच्या पत्त्यावर पाठव.

पाठवायचं कुठून? संस्थेचं एक मोफत जीमेल खातं होतंच. मी प्रोग्रामला जीमेलचा एसएमटीपी सर्व्हर (बाहेर जाणारी पत्रं स्वीकारणारा) दिला, पोर्ट, म्हणजे त्या सर्व्हरचं दार, ५८७ लावलं, जोडणी कुलूपबंद करणारं एसएसएल चालू केलं आणि खात्याचं नाव व पासवर्ड सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडाच लिहून ठेवला. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘लेस सिक्युअर ॲप ॲक्सेस’ नावाची एक कळ होती, ती चालू केली. ती चालू असली की बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रामला नुसत्या पासवर्डवर आत येता येतं. ‘लेस सिक्युअर’ हे नावातच लिहिलं होतं, पण तेव्हा सगळेच ती चालू करायचे आणि मीही केली.

पोर्टबद्दल दोन शब्द, कारण नवे लोक इथेच अडकतात. ४६५ वर जोडणी पहिल्या क्षणापासून कुलूपबंद असते. ५८७ वर आधी साधी ओळख होते, मग प्रोग्राम ‘स्टार्टटीएलएस’ म्हणतो आणि तिथून पुढचं बोलणं कुलूपबंद होतं. जीमेल दोन्ही घेतं. डॉट नेटमधला पत्र पाठवणारा जुना भाग, एसएमटीपी क्लायंट, मात्र फक्त दुसरी पद्धत जाणतो. त्याला ४६५ दिलं तर तो टाइमआउट होईपर्यंत लटकून राहतो आणि माणूस फायरवॉलला शिव्या घालत बसतो. त्यात माझा एक अख्खा दिवस गेला होता. एसएसएल चालू करायला विसरलात तर उत्तर निदान स्पष्ट येतं: ५३०, आधी स्टार्टटीएलएस म्हणा.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. ४१२ पैकी ३९६ सदनिकांचे ईमेल पत्ते होते, उरलेल्या १६ जणांना कागद. मॅडम बटण दाबायच्या, वीसेक मिनिटांनी पाटी यायची: ‘सर्व बिले यशस्वीरीत्या पाठवली’.

अडचण

१ जुलै २०२२ ला शुक्रवारी मॅडमनी नेहमीसारखं बटण दाबलं आणि नेहमीची पाटी आली. या खेपेला ती वीस मिनिटांऐवजी चार मिनिटांतच आली. मॅडमना वाटलं, नेट सुधारलं.

भरणा करायची मुदत २० जुलै होती. २१ तारखेला प्रोग्रामने थकबाकीदारांच्या खात्यावर व्याज चढवलं. तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याजाने वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के लावता येत होते आणि या संस्थेने तोच दर ठेवला होता. ९,६०० रुपयांच्या बिलावर महिन्याचे १६८ रुपये. एकूण १६३ सदनिकांवर व्याज चढलं. एरवी हा आकडा तिशीच्या पुढे जात नसे.

२५ जुलैला सोमवारी सी विंगमधले एक निवृत्त काका पासबुक घेऊन ऑफिसात आले. “अहो, बिलच आलं नाही तर व्याज कसलं लावता?” मॅडमनी स्क्रीन फिरवून दाखवला, त्यांच्या नावापुढे ‘पाठवले – ०१/०७/२०२२’ असं होतं. काका म्हणाले, “माझं सोडा, शेजाऱ्याचंही आलेलं नाही.” शेजाऱ्यांना फोन लावला, आलेलं नव्हतं. मॅडमनी स्वतःच्या भावाला फोन केला, तो बी विंगमध्ये राहतो. त्यालाही नाही. मग मला फोन आला.

मी प्रोग्राम उघडला आणि पाच मिनिटांत कारण सापडलं. पत्र पाठवायची ओळ ‘ट्राय’मध्ये, म्हणजे ‘करून बघ’ या भागात होती. चूक झाली तर काय करायचं ते सांगणारा खालचा ‘कॅच’ रिकामा होता. म्हणजे पत्र गेलं नाही तरी प्रोग्राम काही न बोलता पुढच्या सदनिकेकडे वळत होता आणि शेवटी पाटी लावून मोकळा होत होता. २०१९ मध्ये कुणाचा तरी पत्ता चुकीचा निघाला की अख्खं काम मधेच थांबायचं, म्हणून ‘तात्पुरता’ तो कॅच टाकला होता. ‘पाठवले’ हा शेरा तर पाठवायच्या ओळीच्या आधीच डेटाबेसमध्ये पडत होता.

कॅचमध्ये एक ओळ टाकून चूक पडद्यावर आणली: ५३५ ५.७.८, यूजरनेम अँड पासवर्ड नॉट ॲक्सेप्टेड. मॅडम म्हणाल्या, “पासवर्ड तर बरोबर आहे, मी आत्ताच ब्राउझरमधून उघडलं.” त्यांचं खरं होतं. पासवर्ड बरोबरच होता, पण नुसत्या पासवर्डवर आत यायची सोय गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद केली होती. एप्रिलचं बिल त्या तारखेच्या आधी निघालं होतं, जुलैचं नंतर. ही सूचना त्या खात्याच्या इनबॉक्समध्येही पडलेली होती. तो इनबॉक्स कुणी वाचतच नव्हतं, कारण आमच्या लेखी ते खातं म्हणजे पत्रं बाहेर टाकायची खिडकी होती.

टेबलावर आलेले मार्ग

२६ तारखेला संध्याकाळी ऑफिसात बसलो: सेक्रेटरी, खजिनदार, मॅडम आणि मी. चहा दोनदा झाला.

पहिला मार्ग, ॲप पासवर्ड. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची, म्हणजे जीमेल एका प्रोग्रामपुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड बनवून देतं. प्रोग्राममध्ये बदल शून्य, फक्त कॉन्फिगमधला पासवर्ड बदलायचा. काम अर्ध्या तासाचं. पण दोन टप्प्यांसाठी तेव्हा मोबाइल नंबर लागायचा. कुणाचा? सेक्रेटरी म्हणाले, “माझा टाका.” खजिनदारबाई म्हणाल्या, “आणि पुढच्या निवडणुकीत तुम्ही नसलात तर?” सगळे हसले, पण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

दुसरा मार्ग ओऑथचा. प्रोग्राम पासवर्ड जवळ ठेवतच नाही. माणूस एकदा ब्राउझरमध्ये परवानगी देतो आणि प्रोग्रामला टोकन, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, मिळतं. पद्धत म्हणून हीच चांगली. पण तिच्यासाठी गुगलकडे ॲपची नोंद करावी लागते. एसएमटीपीसाठी जी परवानगी लागते ती अख्ख्या मेलबॉक्सची असते आणि ती ‘प्रतिबंधित’ गटात मोडते. ॲप ‘चाचणी’ अवस्थेत ठेवलं तर टोकन सात दिवसांत मरतं. तीन महिन्यांतून एकदा चालणाऱ्या प्रोग्रामला सात दिवसांचं टोकन काय कामाचं? एका सोसायटीच्या बिलांसाठी तपासणीच्या फेऱ्यांत पडायची माझी तयारी नव्हती. आळस म्हणा हवं तर.

तिसरा, पत्रं पाठवण्याचाच धंदा करणाऱ्या सेवेचा. ॲमेझॉनच्या एसईएसचं मुंबईत केंद्र आहे आणि दर हजार पत्रांना दहा सेंट, म्हणजे आमचं वर्षाचं बिल एका वडापावच्या आसपास. सुरुवातीला ते ‘सँडबॉक्स’मध्ये, म्हणजे चाचणीच्या अवस्थेत ठेवतात: दिवसाला २०० पत्रं आणि तीही आधी तपासलेल्या पत्त्यांवरच. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. हे सगळं जमण्यासारखं होतं. अडलं ते कार्डाशी. संस्था चेकने पैसे देते, दोन सह्यांनी. क्रेडिट कार्ड संस्थेच्या नावावर नाही. खजिनदारबाई स्वतःचं कार्ड द्यायला तयार होत्या आणि मी जवळजवळ ‘हो’ म्हणालो होतो. सेक्रेटरींनीच अडवलं: “ऑडिटरला काय सांगू, बाईंच्या कार्डावर संस्था चालते?”

चौथा, संस्थेचं स्वतःचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) आणि त्यावर पैसे भरून घेतलेला मेलबॉक्स. रुपयांत जीएसटीचं बिल देणारे आणि चेक घेणारे विक्रेते मिळतात. पण डोमेन घ्यायचं म्हणजे कमिटीचा ठराव, कोटेशन आणि त्यात जाणारे दोन महिने.

पाचवा मार्ग मॅडमनी सुचवला: सरळ कागद छापा. त्या वेळी मी तो हसण्यावारी नेला. सप्टेंबरमध्ये त्यानेच आम्हाला तारलं.

ठरलं असं: आत्ता ॲप पासवर्ड, डोमेनचं पुढच्या सभेत बघू. मोबाइल नंबर ऑफिसातल्या साध्या हँडसेटचा, जो कपाटात चार्जरला लावलेला असतो आणि गेटवरून येणारे फोन उचलायच्या कामी येतो. शिवाय गुगल देतं ते दहा बॅकअप कोड छापून पाकिटात घातले, पाकिटावर दोघांच्या सह्या आणि पाकीट तिजोरीत. हा भाग मात्र आम्ही पहिल्याच फटक्यात नीट केला.

काय केलं, आणि करताना काय बिघडलं

ॲप पासवर्ड चार-चार अक्षरांच्या चार गटांत दिसतो आणि खिडकी एकदा बंद केली की पुन्हा दिसत नाही. मॅडमनी तो वहीत उतरवून घेतला आणि मला फोनवर वाचून दाखवला. पुन्हा ५३५. तीनदा टाइप केला, तीनदा ५३५. शेवटी वहीचा फोटो मागवला. दुसऱ्या गटातलं तिसरं अक्षर त्या ‘एक’ असं वाचत होत्या. या पासवर्डमध्ये आकडे येतच नाहीत, सगळी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं असतात. तो ‘एल’ होता.

एकच पत्र आधी माझ्याच पत्त्यावर पाठवलं. गेलं. मग २७ तारखेला दुपारी सगळी बिलं सोडली. ८३ पत्रं गेली आणि वीज गेली. पुन्हा सुरू केल्यावर प्रोग्राम पहिल्या सदनिकेपासून निघाला, कारण कुठवर आलो हे लक्षात ठेवायची सोयच मी केली नव्हती. ए विंगच्या ८३ लोकांना एकाच दिवशी दोन बिलं मिळाली. त्यातल्या दोघांनी दोन्ही भरली. पुढच्या बिलात ती रक्कम वळती केली, पण तेवढ्यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस पुरेल इतकं साहित्य निर्माण झालं.

८३ आणि ३९६ मिळून त्या दिवशी ४७९ पत्रं गेली. मोफत जीमेल खात्याची दिवसाची मर्यादा ५०० आहे. आम्ही २१ पत्रांनी वाचलो आणि अशी काही मर्यादा आहे हे मला कळलंच नाही.

त्या आठवड्यात प्रोग्राममध्ये चार गोष्टी बदलल्या. ‘पाठवले’ हा शेरा आता सर्व्हरचं २५० हे होकाराचं उत्तर आल्यावरच पडतो आणि शेरा पडलेली सदनिका पुढच्या फेरीत वगळली जाते. चारने सुरू होणारे आकडे, उदाहरणार्थ ४२१, म्हणजे ‘आत्ता नको, जरा वेळाने या’. अशा वेळी प्रोग्राम थांबून दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. पाचने सुरू होणारे म्हणजे ठाम नकार. तो नोंदवायचा आणि पुढे जायचं, मात्र ५३५ आलं तर तिथेच सगळं थांबवायचं. पहिल्याला दार उघडलं नाही तर बाकीच्या ३९५ जणांनी तेच दार ठोठावण्यात काय अर्थ? चौथी गोष्ट शेवटच्या पाटीची. आता ती ‘३९६ पैकी इतकी गेली, इतकी अडकली’ असं सांगते आणि अडकलेल्यांची यादी छापते.

आणखी एक बारीक दुरुस्ती. मी ‘प्रेषक’ म्हणून प्रोग्राममध्ये वेगळाच पत्ता टाकला होता, ऑफिसात रोज वाचला जाणारा. जीमेल तो मानत नाही. लॉगिन ज्या खात्याने केलं त्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लावून टाकतं, तुम्ही तो दुसरा पत्ता खात्यात आधी जोडून तपासून घेतला नसेल तर. त्यामुळे तीन वर्षं लोकांची उत्तरं, “पार्किंगचे पैसे दोनदा लागलेत” वगैरे, त्या न वाचलेल्या इनबॉक्समध्ये जात होती. उत्तराचा पत्ता वेगळा द्यायची रीत आहे, ‘रिप्लाय-टू’. ती लावली. इतकं सोपं होतं.

सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. सभा ठरली रविवारी १८ तारखेला, म्हणजे नोटीस देण्याचा शेवटचा दिवस शनिवार ३ सप्टेंबर. अहवाल छापखान्यातून यायला उशीर झाला. शुक्रवारी २ तारखेला संध्याकाळी साडेसातला मॅडमनी बटण दाबलं. खाली गणपतीसमोर आरती चालू होती, त्या ती सोडून वर आल्या होत्या.

बिल एका सदनिकेत एकालाच जातं, पण नोटीस सगळ्या सहमालकांना जाते. पत्ते होते ६८४. ५०० गेले आणि ५५० ५.४.५ आलं: दिवसाचा कोटा संपला. निदान या वेळी प्रोग्रामने तसं सांगितलं.

१८४ उरले. सेक्रेटरींचा फोन आला, “सगळ्यांना एकाच पत्रात बीसीसी टाका ना!” तसं चालत नाही. जीमेल पत्रं मोजत नाही, घेणारे मोजतं, आणि एसएमटीपीने एका पत्रात शंभराच्या वर पत्ते घेतही नाही. दुसरी सूचना, “माझ्या जीमेलवरून सोडा उरलेले.” हा खरा मोह होता. दहा मिनिटांत काम झालं असतं. पण १८४ अनोळखी पत्त्यांवर चार एमबीचं एकसारखं पत्र एका माणसाच्या घरगुती खात्यावरून सोडलं आणि ते खातं अडकलं तर त्यांची बँकेची ओटीपी-पत्रं, मुलाच्या कॉलेजचं सगळं त्यातच. नको म्हटलं. थांबायचं म्हटलं तर अडवणूक एक तासापासून चोवीस तासांपर्यंत कितीही चालू शकते आणि चोवीस तास म्हणजे शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या पुढे. तेव्हाही काही बिघडलं तर हातात साडेचार तास.

मॅडम म्हणाल्या, “मी आधीच म्हटलं होतं, कागद.” पत्रं विंगच्या क्रमाने गेली होती, त्यामुळे डी आणि ई विंगच अडकल्या होत्या: १२१ घरं. शनिवारी सकाळी छपाई झाली आणि दोघं वॉचमन सहीचं रजिस्टर घेऊन दारोदार गेले. तो गौरी आवाहनाचा दिवस. बहुतेक घरांत बायका पावलं काढत होत्या आणि रजिस्टरच्या तीन-चार पानांवर रांगोळीचे पांढरे अंगठे उमटले आहेत. दुपारी तीनपर्यंत १२१ सह्या झाल्या. सभा वेळेवर झाली आणि नोटिशीवर कुणी हरकत घेतली नाही. सभेत डोमेनचा ठराव मंजूर झाला. विरोध एकच, तोही खर्चाला नव्हता. नावात गावाचं नाव हवं म्हणून होता.

ऑक्टोबरचा झटका

सभेतच कुणीतरी म्हणालं की २०१९ पासूनचा जीमेलचा पासवर्ड जुन्या कमिटीतल्या सगळ्यांना माहीत आहे. रास्त मुद्दा. सेक्रेटरींनी २९ सप्टेंबरला तो बदलला आणि १ ऑक्टोबरला प्रोग्राम पहिल्याच पत्राला ५३५ सांगून थांबला. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जीमेल त्याचे सगळे ॲप पासवर्ड रद्द करतं. हे बरोबरच आहे, पण कुणाला आठवत नाही. नवा ॲप पासवर्ड काढला आणि चाळीस मिनिटांत बिलं सुटली. जुलैमध्ये हेच कळायला पंचवीस दिवस लागले होते.

निकाल

व्याजाचं आधी सांगतो. ऑगस्टच्या सभेत कमिटीने ठराव करून १६३ सदनिकांचं व्याज मागे घेतलं. त्यातल्या नेहमीच्या तीसेक जणांनी बिल मिळून सुद्धा भरलं नसतंच, हे सगळ्यांना माहीत होतं, पण वेगळं कसं करणार? पुरावा आमच्याकडे नव्हता.

जानेवारी २०२३ चं बिल संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून गेलं. मेलबॉक्स गुगल वर्कस्पेसचाच, म्हणजे गुगलच्या संस्थांसाठीच्या सशुल्क सेवेचा, घेतला. मर्यादा दिवसाला २,००० ची आणि सर्व्हर व पोर्ट तेच, म्हणून प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. पैसे चेकने. वेळ गेला तो डोमेनच्या नोंदी करण्यात: या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर पत्र पाठवू शकतात ते सांगणारी एसपीएफ, पत्रावर शिक्का मारणारी डीकेआयएम आणि शिक्का जुळला नाही तर काय करायचं ते सांगणारी डीमार्क. जीमेलच्या पत्त्यावरून पाठवताना हे सगळं गुगलच बघत होतं. स्वतःचं नाव घेतलं की शिक्काही स्वतःचा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले तेव्हा दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांची बरीच धावपळ झाली. आम्ही त्या गटात नव्हतो आणि जे सगळ्यांना लागू होतं ते आधीच झालेलं होतं. हे शहाणपण नव्हे, योगायोग.

नव्या मेलबॉक्सचा ॲडमिन कोणी एक माणूस नाही. लॉगिन ‘ऑफिस’ या नावाचं आहे, फोन कपाटातला हँडसेट आणि पाकीट तिजोरीत. कमिटी बदलली की पाकीट मोजून हस्तांतराच्या यादीत चढतं, चेकबुक आणि शिक्क्याच्या खालोखाल.

पुन्हा करायचं झालं तर

रिकामा कॅच तर नाहीच. पण त्याहून जास्त मला टोचतो तो २०१९ मधला पहिला निर्णय. ‘खातं आहेच, तेच वापरू’ असं म्हणताना मी पोर्टवर एक दिवस घालवला आणि खात्यावर एक मिनिट. माणसाने वाचण्या-लिहिण्यासाठी दिलेल्या मेलबॉक्सला मी यंत्राची टपालपेटी बनवलं आणि त्या खात्याला येणारी पत्रं वाचायचं काम कुणालाच दिलं नाही. आज मी पहिला प्रश्न विचारतो: या खात्याचा इनबॉक्स दर सोमवारी कोण उघडणार? उत्तर नसेल तर बटण लावत नाही.

मर्यादाही आधी बघेन. पाचशेचा आकडा जीमेलच्या मदतपानावर कुणालाही दिसतो; मी तो सप्टेंबरमध्ये, तेही चूक सांगणाऱ्या संदेशातून वाचला. ओऑथबद्दल मात्र अजून ठाम नाही. शंभर सोसायट्यांना विकायचा प्रोग्राम असता तर तोच मार्ग घेतला असता. एका ऑफिसातल्या एका संगणकासाठी ॲप पासवर्ड पुरतो, असं माझं मत आहे, आणि काही मित्र त्यावर नाक मुरडतात.

नवा मेलबॉक्स घेण्याआधी जुना इनबॉक्स साफ करायला मी आणि मॅडम एका दुपारी बसलो. १,९०० च्या वर न वाचलेली पत्रं. त्यातली शेकडो ‘मेलर-डीमन’ची, म्हणजे पत्ता सापडला नाही म्हणून परत आलेली. आमच्या सर्व्हरने २५० म्हणून पत्र घेतलं होतं, पण घेतलं म्हणजे पोचलं असं नसतं. पुढे जागा मिळाली नाही की ते असं मागे येतं. ३९६ पैकी ३७ पत्ते मेलेले होते. कुणाची जुनी नोकरी सुटलेली, कुणाच्या पत्त्यात ‘जीमेल’चं ‘जीमिअल’ झालेलं.

त्या ३७ मध्ये सी विंगचे काकाही होते. त्यांच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट कॉन’ पडलं होतं, २०१९ पासून. त्यांना आमचं एकही बिल ईमेलने कधी पोचलेलं नव्हतं. मॅडमनी फोन करून विचारलं, मग इतकी वर्षं भरत कसे होतात? “शेजाऱ्याचं बिल बघून,” काका म्हणाले. “दोघांचा फ्लॅट सारखाच आहे ना. या वेळी त्याचंही आलं नाही, म्हणून तर खाली आलो.”